बैलांना हात लावू नका

हरिचंद राठोड वेडा आहे की नाही, या एका प्रश्नावर मी तालुक्याच्या कोर्टात दोनदा उभा राहिलो. पहिल्यांदा तो वेडा नाही असं सांगायला आणि दुसऱ्यांदा तो वेडा आहे असं सांगायला. दोन्ही वेळा माझ्याच अशिलाने मला तोंडघशी पाडलं. मी अ‍ॅडव्होकेट रत्नपाल खंदारे, मुक्काम आखाडा बाळापूर. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार जो वकील देतं, त्यांतला मी एक. माझे काळ्या कोटातले मित्र या कामाला समाजसेवा म्हणतात आणि स्वतः करत नाहीत.

हरिचंदचा केसुला तांडा बाळापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला अगदी खेटून आहे. रस्ता लहान होता तोवर काही अडचण नव्हती. घरं अलीकडे, शाळा, सेवालाल महाराजांचं देऊळ आणि निम्मी शेतं पलीकडे. शेळ्या, म्हाताऱ्या, लेकरं, सगळी आपापल्या सोयीने रस्ता ओलांडायची. मग रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला आणि नांदेडकडून हिंगोलीकडे जाणारे ट्रक असे सुटू लागले की तांड्याच्या कोंबड्यांनीसुद्धा पलीकडे जाणं सोडलं. रस्ता करणाऱ्यांनी दुभाजकात एक फट तेवढी ठेवली होती. ती कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या फटीत एके दिवशी सकाळी हरिचंद येऊन उभा राहिला. तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास असेल. तरुणपण ऊसतोडीत गेलेलं, नंतर दीड एकरात हळद आणि सोयाबीन. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. त्याने काठी आडवी धरली आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला सांगितलं, "थांब. लदेणी येऊन राहिली."

लदेणी म्हणजे बैलांचा काफिला. तांड्यातल्या लोकांचे पूर्वज हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. ते सगळं रेल्वेने आणि मोटारींनी कधीच संपवलं. हरिचंदच्या बापानेही लदेणी फक्त ऐकली होती. पण हरिचंदला त्या सकाळी ती दिसली. पूर्वेकडच्या माळावरून बैल खाली उतरत होते, रस्ता ओलांडत होते आणि पलीकडच्या शेतांतून नदीकडे जात होते. त्यातल्या काहींना तो नावाने हाक मारत होता. एक मागे रेंगाळला तर त्याला शिव्या घालत होता. ट्रकवाला पंजाबचा होता. म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी कशी घालायची म्हणून थांबला आणि मग बघतच राहिला. बऱ्याच वेळाने हरिचंदने काठी खाली केली. म्हणाला, "जा आता. बाकीचे संध्याकाळच्याला येतील."

तेव्हापासून लदेणी रोज दोनदा येऊ लागली, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. हे असं का झालं म्हणून मला विचारू नका. तांड्यात ज्याला विचाराल तो वेगळं कारण सांगतो आणि प्रत्येकाच्या कारणात त्याचा एखादा भाऊबंद दोषी असतो.

आता माणसाला नसलेलं दिसायला लागलं, तर चारचौघं त्याला घरी नेतात, दवाखान्यात नेतात, नाहीतर एखाद्या बाबाकडे तरी नेतात. केसुला तांड्याने तसं काही केलं नाही. हरिचंद गाड्या थांबवतो तेवढ्या वेळात आपली पोरं शाळेत जाऊ शकतात, हे पहिल्याच आठवड्यात बायकांच्या लक्षात आलं. मग शेळ्याही जाऊ लागल्या. गुरुजींनी शाळेची घंटा लदेणीच्या वेळेवर आणली. थांबलेल्या गाड्यांना उकडलेल्या शेंगा आणि केळी विकणाऱ्या दोघी तिघी आल्या. एस.टी.चे कंडक्टर तिथे उतरणाऱ्यांना 'लदेणी फाटा' म्हणून तिकीट फाडू लागले. नेहमीचे ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळत बसायचे आणि अधूनमधून ओरडायचे, "बाबा, कितने बाकी हैं?" हरिचंद मान न वळवता सांगायचा, "बहोत." एकदा बसमधल्या एका बाईंनी धूळ उडालेली आपल्या डोळ्यांनी पाहिली. मीही त्या बसमध्ये होतो. धूळ उडत होती हे खरं आहे, पण आपल्याकडे ती कुठे उडत नाही?

असं काही वर्षं चाललं आणि त्या जागी एकही माणूस दगावला नाही. मग एके सकाळी एका घाईतल्या साहेबाची गाडी रांग सोडून पुढे आली आणि हरिचंदच्या काठीखालून सरळ निघून गेली. त्याला खरचटलंही नाही. पण तो रस्त्यावर मटकन बसला आणि असा ओरडला की तांड्यातली माणसं धावत आली. गाडी लदेणीतून गेली होती आणि बैल मेले होते.

हरिचंद उठेना. मेलेल्या बैलांचा पंचनामा झाल्याशिवाय रस्ता मोकळा होणार नाही, असं त्याने जाहीर केलं. गाड्यांची रांग दोन्हीकडे लांबत बाळापूरच्या बाजारात शिरली. ठाण्यातून जमादार किसनराव आले. किसनराव पोटाने मोठे आणि मनाने भले. त्यांनी समजावलं, दरडावलं, हात जोडले. शेवटी रस्त्यातच बोनेटवर कागद ठेवून त्यांनी पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, तेव्हा कुठे हरिचंद बाजूला झाला. बाजूला होताच किसनरावांनी त्याला जीपमध्ये घातलं. मानसिक आजार असलेला आणि स्वतःला व इतरांना धोका असलेला माणूस रस्त्यावर सापडला, तर पोलिसांनी त्याला कोठडीत न टाकता डॉक्टरला दाखवायचं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचं, असा नवा कायदा आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणून लिहून दिलं आणि प्रकरण कोर्टात आलं. हरिचंदचा वकील म्हणून मला बोलावणं आलं.

मी रात्रभर जागून कायदा वाचला. फार चांगला कायदा आहे. प्रत्येक माणसाला स्वतःचा निर्णय करता येतो असं तो आधी धरून चालतो. घरात, गावात, आपल्या माणसांत राहण्याचा हक्क देतो. आजारी आहे एवढ्यावरून कुणाला कोंडता येत नाही. मी स्वातंत्र्यावर असं भाषण तयार केलं की आरशासमोर म्हणताना मला माझाच अभिमान वाटला.

कोर्टात न्यायदंडाधिकारी मॅडमनी विचारलं, "यांना जे बैल दिसतात ते अस्तित्वात नाहीत, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

मी म्हणालो, "मॅडम, ते दिसणं हा आजार असेल तर जमादारांनाही सोबत पाठवावं लागेल. त्यांच्या सहीचा पंचनामा आहे. चार बैल मयत, पैकी एक पांढरा."

मॅडमनी पंचनामा वाचला आणि किसनरावांकडे पाहिलं. "पांढरा?"

किसनरावांना दरदरून घाम फुटला. "काकांनी सांगितला तसा लिहिला, मॅडम. गाड्या बाळापूरपर्यंत तुंबल्या व्हत्या. चार बैल लिहिले नसते तर काका उठले नसते."

"आणि हे पंच?"

"ट्रक ड्रायव्हर, मॅडम. एकजण तर पाच मेले म्हणून राहिला व्हता. त्याला कसंबसं चारवर आणलं."

मला वाटलं, जिंकलो. पण मॅडम माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि हरिचंदशीच बोलू लागल्या. तुमच्या वतीने निर्णय घ्यायची वेळ आली तर कुणी घ्यावा, असं त्यांनी विचारलं. कायद्याने माणसाला असा प्रतिनिधी नेमता येतो.

"तांड्यानं," हरिचंद म्हणाला.

"एकाचं नाव सांगा."

"मग बाकीच्यांला राग येईल."

त्याबरोबर मागून तांड्याचे नाईक धर्मसिंग उभे राहिले. त्यांच्या तांड्यात कुणाचाही फैसला एकटा माणूस करत नाही. नसाब बसते, म्हणजे तांड्याची पंचायत, आणि सगळे मिळून ठरवतात. मग जिथे फैसला असेल तिथे सगळ्यांनी हजर राहायचं, ही रीत. न जाणारा तांड्याचा नाही. धर्मसिंगांनी हे इतक्या अदबीने सांगितलं की मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग कायद्यात एकाच माणसाची सोय आहे म्हणून त्यांनी हरिचंदच्या संमतीने त्याच्या बायकोचं, भिकाबाईचं, नाव लिहिलं आणि काही दिवस तपासणीसाठी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ठेवण्याचा आदेश दिला.

भिकाबाईचं नाव कागदावर गेलं आणि दवाखान्यात सगळा तांडा गेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गेला. आवारात चुली पेटल्या, भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. रखवालदाराने हटकलं तेव्हा त्याला ताटात वाढून दिलं आणि त्याचं हटकणं तिथेच संपलं.

मानसोपचाराच्या डॉक्टर दिपा तरुण होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. धर्मसिंग दहा जण घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मीही होतो.

"बाई," धर्मसिंग म्हणाले, "हरिचंदला ताप असंल तर उतरवा. खोकला असंल तर औषध द्या. पण बैलांना हात लावू नका."

"म्हणजे?"

"बैल ऱ्हाऊ द्या. तांड्याला त्याची गरज हाय. तुमी बैल काढले तर आमची लेकरं शाळंत कशी जातील?"

डॉक्टरबाईंचं हसू त्या क्षणी गेलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं. हरिचंद म्हणाला, बायको आणि वकील राहू द्या. मग आम्ही चौघेच उरलो. मी माझं भाषण सुरू करणार होतो की हा माणूस कुणाला इजा करत नाही, सबब याला घरी सोडावं. डॉक्टरबाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि त्याला विचारलं, "काका, तुम्हाला काय पाहिजे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसावा.

"मला झोप पायजे, बाई," तो म्हणाला. "लोकांला वाटतं लदेणी दोन टाइमच येते. लोकं घरी जातात, बैल न्हाई जात. ते चालतच असतात. खाटेवर पडलं तरी घुंगरं ऐकू येतात. शेवटचा बैल गेला की काठी टेकवायची अन् झोपायचं, असं ठरलेलं हाय. शेवटचा येतच न्हाई."

भिकाबाई पदराने तोंड दाबून बसली होती. ती एकदम उठली, दार उघडून बाहेर गेली आणि आवारात बसलेल्या तांड्यापुढे उभी राहिली. ती त्यांच्या बोलीत बोलली, मला सगळं कळलं नाही. कळलं ते एवढं, की तुमची लेकरं रस्ता ओलांडतात म्हणून तुम्ही याला वेडा ठेवलात. माझा माणूस रोज अंधारात खाटेवर उठून बसतो, हात आडवे धरतो, तेव्हा तुमच्यातलं कुणी येत नाही. भाकऱ्या थापणारे हात थांबले. धर्मसिंगांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी विनाकारण फाईल उघडली.

आत हरिचंद म्हणाला, "वकीलसाहेब, मला घरी न्यायची घाई करू नका." माझं भाषण त्या फाईलमध्ये अजून तसंच पडलेलं आहे.

तपासणीची मुदत संपल्यावर तो स्वतःच्या मर्जीने दवाखान्यात राहिला. कायद्यात तीही सोय आहे आणि मी रात्र जागून वाचलं तेव्हा नेमकं तेच पान मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. तो घरी आला तो वजन वाढवूनच. बैल गेले होते. घुंगरं गेली होती. भिकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "घोरून राहिला, ऐका," आणि लोकांना दारात उभं करून घोरणं ऐकवायची.

सुरुवातीला ड्रायव्हर सवयीने त्या फटीपाशी वेग कमी करायचे. मग बातमी पसरली. ढाब्यांवर, पंपांवर, पार अकोल्यापर्यंत लोक एकमेकांना सांगू लागले की बाबा ठीक हो गया, अब बैल नहीं आते. बैल येत नाहीत तर थांबायचं कशाला? गाड्या पूर्वीसारख्या सुटू लागल्या. तांड्याने गतिरोधकासाठी अर्ज केला. त्याला उत्तर आलं की सदर ठिकाणी अपघातांची नोंद आढळून येत नसल्यामुळे मागणी मान्य करता येत नाही. नोंद कुठून असणार? इतकी वर्षं तिथे हरिचंद होता ना!

मग तांड्याने नवीन वेडा नेमायचं ठरवलं. मी थट्टा करत नाही. नसाब बसली आणि देविदास नावाच्या एका धट्ट्याकट्ट्या तरुणाला लाल पागोटं बांधून रस्त्यावर उभं करण्यात आलं. पहिल्याच ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "ये पागल नहीं है, नाटक करता है." एक शिवी हासडून तो गेला. त्यानंतर आणखी दोघांनी प्रयत्न केला. एकाला लदेणीत बैलांऐवजी हत्ती आणावेत असं सुचलं होतं. कुणी थांबलं नाही. ड्रायव्हर लोकांना खऱ्याखोट्याची पारख असते, निदान या एका बाबतीत तरी.

हे सगळं हरिचंद ओट्यावर बसून बघायचा. त्याला यात पडायचं नव्हतं आणि भिकाबाई कुणाला त्याच्याजवळ हा विषय काढू देत नव्हती. पण एका संध्याकाळी धावत रस्ता ओलांडताना शिवकन्या नावाच्या चौथीतल्या पोरीचं दप्तर हातातून सुटलं आणि ट्रकच्या चाकाखाली गेलं. पोरगी वाचली. ते दप्तर तिच्या बापाने हरिचंदच्या ओट्यासमोरून घरी नेलं. डब्याची पार चपटी ताटली झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद काठी घेऊन फटीत उभा राहिला. गाड्या आनंदाने थांबल्या. "बाबा वापस आ गया!" एका ट्रकवाल्याने तर उतरून त्याचे पाय धरले आणि विचारलं, "कितने हैं आज?"

"बैल न्हाईत," हरिचंद म्हणाला. "लेकरं शाळंत चालली."

"सिर्फ बच्चे?"

"व्हय."

तो माणूस भडकला. बच्चों के लिए रोका, हमको लगा बैल हैं, असं तो मागच्या गाडीवाल्याला सांगू लागला. मागचाही भडकला. फसवणूक झाल्यासारखं तोंड करून दोघे ठाण्यात गेले आणि वाहनं बेकायदा अडवल्याची तक्रार दिली.

किसनराव रडकुंडीला आले होते. "काका, मागच्या बारीला तुमाला बैल दिसले म्हणून दवाखान्यात नेलं. आता दिसत न्हाईत म्हणून गुन्हा लावावा लागून राहिला. मी तरी काय करू?" त्यांनी पंचनामा या वेळी फार जपून लिहिला. त्यात एकही जनावर नव्हतं.

तेच कोर्ट, त्याच मॅडम. तारखेच्या दिवशी दुपारी मी हरिचंदला व्हरांड्यात बाजूला घेतलं. मी सांगितलं, अगदी सोपं आहे. बैल दिसले म्हणून थांबवलं, एवढंच म्हणा. तुमचे दवाखान्याचे कागद माझ्याजवळ आहेत. आजारी माणसाला शिक्षा नाही. दवाखान्यात दोन दिवस जाऊन याल, नाव स्वच्छ राहील.

"खोटं बोलू?"

"खोटं म्हणजे, पूर्वीचं खरं."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझा कोट जड झाला. "वकीलसाहेब, गोळ्या खाऊन, सुया टोचून घेऊन घालवले मी त्यांना. नाव काढलं की येतील ते. तुमाला म्हाईत न्हाई. ते लांब गेलेले न्हाईत."

आत मॅडमनी गुन्हा वाचून दाखवला आणि कबूल आहे का विचारलं. मी उठून म्हणालो, "मॅडम, माझ्या अशिलाची मानसिक अवस्था..." हरिचंदने माझी बाही ओढली.

"मी बरा हाय, मॅडम. बैल नव्हते. लेकरं व्हती. म्या गाड्या अडवल्या, कबूल हाय."

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, आजाराचं म्हणणं सोडायचं का? मी काय सांगणार? माझा अशील शहाणा आहे आणि तो शहाणा असण्याची मला लाज वाटून राहिली होती. मॅडमनी देता येईल ती सगळ्यात हलकी शिक्षा दिली. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. हरिचंद मागच्या बाकावर भिकाबाईशेजारी जाऊन बसला. कोर्टाचं पुढचं काम सुरू झालं, बांधाच्या भांडणाचं.

मला बरं वाटत होतं. कोर्ट उठलं की माणूस मोकळा. तेवढ्यात हरिचंद खिडकीकडे बघताना दिसला. बाहेर कडुनिंबाखाली तांडा बसला होता. फैसला होता ना, म्हणून रीतीप्रमाणे सगळे आले होते. धर्मसिंग होते, देविदास होता, शेंगा विकणाऱ्या बायका होत्या, शिवकन्येचे आईबाप होते. शाळेत गेलेली लेकरं सोडून पूर्ण तांडा तिथे होता.

हरिचंद उभा राहिला.

"खाली बसा," शिपाई म्हणाला.

"मॅडम, शाळा सुटायची येळ झाली."

बांधाच्या भांडणातले दोन्ही वकील थांबले. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग?"

"सगळे हितंच हायेत. रस्त्यावर कुणीच न्हाई."

बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण देविदाससाठी कोण थांबणार होतं? मॅडमनी समोरच्या फायली एकावर एक ठेवल्या, पेनाला टोपण लावलं आणि त्या उभ्या राहिल्या. बांधाच्या वकिलाने विचारलं, "मॅडम, आमचं?"

"उद्या," त्या म्हणाल्या. "कोर्ट उठलं."

त्या आपल्या खोलीत गेल्या तसा हरिचंद पळत सुटला. किसनरावांनी त्याला जीपमध्ये घातलं, मागे भिकाबाई आणि मी. ट्रॅक्टर मागे राहिले. किसनरावांनी गाडी अशी हाणली की त्यांच्यावरच एखादा गुन्हा बसावा.

आम्ही पोचलो तेव्हा लेकरं पलीकडच्या कडेला गोळा झाली होती. मोठी पोरं लहानांचे हात धरून उभी होती. सगळ्यात पुढची दोघं धावायच्या बेतात होती. हरिचंद फटीत शिरला आणि त्याने काठी आडवी धरली. समोरून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अब क्या है? बच्चे ही हैं ना? हट!" त्याने गाडी पुढे रेटली. किसनरावांनी शिट्टी फुंकली, पण ते जीपच्या मागच्या बाजूला होते आणि ड्रायव्हरला दिसत नव्हते.

हरिचंदने लेकरांकडे पाहिलं. मग माळाकडे पाहिलं.

"बैल हायेत," तो म्हणाला. "हजार हायेत."

ड्रायव्हरने क्षणभर त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्याने नमस्कार केल्यासारखा हात कपाळाला लावला, इंजिन बंद केलं आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली. त्याच्या मागे एकेक गाडी थांबत गेली. लेकरं रस्ता ओलांडू लागली. हरिचंदची नजर माळावरून हटत नव्हती. भिकाबाई त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"दिसले का?" तिने विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई."